बादलीभर गार पाणी आणि डेन्मार्कचे पाइप

आज केडगावातून बोलतोय, आणि सुरुवात आमच्या बिल्डिंगमधल्या भांडणापासून.

गच्चीवर सोलर आहे. वरच्या मजल्यावर नळ सोडला की कढत पाणी. आम्ही पहिल्या मजल्यावर. आई पहाटे अंघोळीला जाते, तर आधी बादलीभर गार पाणी, मग कोमट. मीटिंगमध्ये ठरत होतं, वर्गणी काढून अजून पॅनल बसवू. मी म्हटलं, थांबा जरा.

असाच प्रश्न डेन्मार्कला पडला होता. तिथे एका केंद्रात पाणी तापवून जमिनीखालच्या पाइपांतून घराघरांत फिरवतात. याला म्हणतात डिस्ट्रिक्ट हीटिंग. फ्रेडरिक्सबर्गमध्ये 1903 साली कचरा जाळून हे सुरू झालं. आज देशातली साधारण दोन तृतीयांश घरं अशीच उबदार राहतात.

मग नवी घरं आली. जाड भिंती, तिहेरी काचा. त्यांना उष्णता फारच कमी लागते. पण पाइप तेवढाच लांब आणि तेवढाच गरम! समजा, पाइपात 10 युनिट वाया जातात. घरं 90 वापरत होती, तेव्हा शंभरातले 10 गेले. आता 20च वापरतात, म्हणजे तिसातले 10 गेले.

उपाय? पाणी कमी तापवायचं. पाणी आणि माती यांच्या तापमानातला फरक कमी, तर गळती कमी. ऑरहूसजवळच्या लिस्ट्रुपमध्ये अशा घरांना साधारण 50 अंशांचं पाणी दिलं. पाइप बारीक, आवरण जाड. आणि जमलं की! फक्त कोमट पाणी साठवलं तर त्यात लीजिओनेला जंतू वाढतात, म्हणून नळाचं पाणी लागेल तेव्हाच तापवायचं.

आता तुम्ही म्हणाल, आपल्याकडे गुऱ्हाळाच्या चुलवणाची धग फुकट जाते, ती आणा की गावात! मलाही तसंच वाटायचं. पण आपल्याला घर तापवायचं नाही, अंघोळीपुरतं पाणी हवं. 20 लिटरची बादली 20 वरून 45 अंशांवर न्यायला जेमतेम 0.6 युनिट लागतं. त्यासाठी किलोमीटरभर पाइप दिवसभर गरम ठेवला, तर बादलीपेक्षा मातीच जास्त तापेल.

आमचा घोळही पाइपातच होता. एक इंची, उघडा, गच्चीला वळसा घालून आलेला. रात्रभर त्यात पाणी गार होत पडायचं. शेवटी पॅनल राहिलं बाजूला. पाइप बारीक केला, सरळ खाली आणला, वर आवरण चढवलं. आता दोन-तीन तांबे गार येतं, मग गरम.

आई म्हणते, "एवढंच होतं, तर आधी का नाही केलंस?"

तुमच्याकडे किती पाणी वाया जातं? उद्या सकाळी बादली लावून मोजा आणि मला कळवा. भेटू पुढच्या भागात!