टांगलेली भिंत

मराठीत भिंत घालतात, बांधतात, उभारतात. भिंत टांगतात असं कुणी म्हणत नाही. पण वांद्रे-कुर्ला संकुलात किंवा लोअर परळच्या गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या काचेच्या मनोऱ्यांच्या बाबतीत खरा शब्द तोच आहे. खुंटीला सदरा अडकवावा तशी ही भिंत प्रत्येक मजल्याच्या स्लॅबला अडकवलेली असते. इमारतीचा भार खांब, गाभा आणि स्लॅब वाहतात. काचेनं स्वतःचं ओझं सांभाळायचं, वारा झेलायचा आणि पाऊस बाहेर ठेवायचा. पडद्यासारखी लटकते, म्हणून तिचं नाव कर्टन वॉल.

न्यूयॉर्कमध्ये १९५२ साली लिव्हर हाउस पूर्ण झालं आणि काचेचा कोट घातलेल्या कार्यालयांची जगाला ओढ लागली. त्या काळी बहुतेक ठिकाणी ही भिंत जागेवरच जुळवत. आधी उभ्या पट्ट्या, मग आडव्या, मग काच. या ‘स्टिक’ पद्धतीत बाहेरून हात पोचायला परांची किंवा झुलता पाळणा लागतो. चाळिसाव्या मजल्यावर वाऱ्यात लोंबकळत सांध्यात सिलिकॉन भरायचं, तेही एकसारखं, ही फार मोठी अपेक्षा झाली. त्यातून ‘युनिटाइज्ड’ पद्धत रुळली. भिंतीचे पूर्ण तुकडे कारखान्यात तयार करायचे आणि इमारतीवर नेऊन फक्त अडकवायचे. खालचे मजले पॅनलनं झाकले जात असताना वर स्लॅब पडत राहतो. बिल्डरला वेळेची ही बचत फार प्यारी.

एक पॅनल साधारण दीड मीटर रुंद आणि मजल्याइतकं, म्हणजे चारेक मीटर उंच. एक मिलिमीटर जाडीच्या एक चौरस मीटर काचेचं वजन अडीच किलो भरतं. सहा-सहा मिलिमीटरच्या दोन काचा घेतल्या, तर अशा पॅनलमध्ये नुसती काचच १८० किलोंची झाली. ॲल्युमिनियमची चौकट वेगळी.

अनेक पॅनलमध्ये ही काच बाहेरून कशानंही दाबून धरलेली नसते. चौकटीला ती फक्त सिलिकॉननं चिकटवलेली असते. म्हणून कारखान्यात सगळ्यात कडक शिस्त पुसण्याची. एका फडक्यानं द्रावण लावायचं आणि ते उडून जायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्यानं टिपून घ्यायचं. एकच फडकं फिरवत बसलं तर मळ निघत नाही, नुसता पसरतो. मग सिलिकॉन भरून पॅनल मुरायला ठेवायचं. नमुन्याच्या पट्टीवर वाळलेलं सिलिकॉन ओढून पाहतात. ते स्वतः फाटलं तर चांगलं. पृष्ठभागापासून सोलून निघालं तर त्या खेपेची सगळी पॅनल संशयात.

जागेवरचं काम मात्र काचेच्या कितीतरी आधी सुरू होतं. स्लॅबची कड कागदावर सरळ असली तरी प्रत्यक्षात कुठे वीस मिलिमीटर बाहेर येते, कुठे आत जाते. काँक्रीटवाल्याला तेवढं चालतं. पॅनलवाल्याचा जीव दोन मिलिमीटरमध्ये अडकलेला. या दोघांचा तंटा ब्रॅकेट मिटवतो. सर्व्हेअर यंत्र लावून रेषा काढतो आणि ब्रॅकेट तिन्ही दिशांना, आत-बाहेर, डावी-उजवीकडे, वर-खाली, सरकवून त्या रेषेवर आणतात. इथे अर्धा दिवस वाचवणाऱ्याचे पुढे आठ दिवस जातात.

मग वरच्या एखाद्या मजल्यावर बसवलेली छोटी क्रेन पॅनल उचलते आणि ते हळूच कडेबाहेर निघतं. दोरीनं त्याला आवर घालणारे, पट्टे बांधलेले गडी आत उभे असतात. दीड मीटर रुंदीची ही काच म्हणजे वाऱ्याच्या दृष्टीनं शीडच, त्यामुळे वारा ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की काम थांबतं. क्रेनवाल्याला खाली सोडायला सांगायचं तर हाक येते, “आरिया, आरिया!” पोर्तुगीजांच्या ‘आरियार’ची, म्हणजे खाली सोडण्याची, ही आठवण गलबतांवरून गोदीत आणि गोदीतून या मजल्यांवर आली. पॅनलची बाजू शेजारच्याच्या खाचेत सरकते, पाय खालच्या पॅनलच्या माथ्यावर येतो आणि वरचा हुक ब्रॅकेटवर बसतो. हाताखालची माणसं मुरलेली असतील तर सगळा खेळ काही मिनिटांचा.

पण पॅनल एकमेकांना घट्ट भिडवत नाहीत. वरच्या आणि खालच्या पॅनलमध्ये पंधरा-वीस मिलिमीटरची फट मुद्दाम ठेवतात. चार मीटरचं ॲल्युमिनियम चाळीस अंशांच्या फरकानं साडेतीन मिलिमीटरहून जास्त लांबतं. काच त्याच्या निम्मीही नाही. वरच्या मजल्यावर माणसं आणि कपाटं आली की स्लॅब किंचित वाकतो. वाऱ्यात मनोरा डुलतो. हे सगळं त्या फटीत जिरतं. ज्ञानेश्वरांनी भिंत चालवली तो चमत्कार. ही भिंत रोज चालते, मिलिमीटरनं.

जागा न सोडल्याची किंमत बॉस्टनच्या जॉन हॅनकॉक टॉवरनं मोजली. साठ मजल्यांच्या या इमारतीच्या काचा १९७३ साली तडकून खाली पडू लागल्या. मोकळ्या झालेल्या चौकटींवर प्लायवूड ठोकलं आणि लोक तिला ‘प्लायवूड पॅलेस’ म्हणू लागले. दोष दुहेरी काचेच्या कडेला निघाला. दोन काचांमधली धातूची पट्टी शिशाच्या डागानं इतकी पक्की जोडली होती की वारा आणि उन्हाची हालचाल तिला सोसवेना. सांध्यानं माघार घेतली नाही, म्हणून काच फुटली. शेवटी सगळ्या, म्हणजे १०,३४४ काचा बदलाव्या लागल्या. आज सांध्यात लवचीक सिलिकॉन असतं.

दुबईच्या बुर्ज खलिफावर पॅनल लावायला मे २००७ मध्ये सुरुवात झाली आणि सप्टेंबर २००९ मध्ये काम संपलं. आधी भिंतीचा नमुना उभारून त्यावर विमानाच्या इंजिनानं वारा आणि पाणी मारून पाहिलं होतं. चोवीस हजारांवर पॅनलचं हे काम सुरुवातीला दिवसाला वीस-तीस पॅनलच्या चालीनं चाललं आणि पुढे १७५ पर्यंत गेलं. तेच पॅनल, तोच हुक, तीच हालचाल. हात बसायला तेवढा वेळ लागतोच.

मुंबईत खरी परीक्षा पावसाची. इथे भारतीय मानकानुसार वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरतात, आणि जोराच्या सरीत पाणी चक्क खालून वर चढतं. म्हणून भिंत पाण्याशी हटवादीपणा करत नाही. बाहेरच्या रबरातून थोडं आत आलंच, तर चौकटीच्या पोकळीत बाहेरचीच हवा खेळती असते. दाबात फरक नाही, त्यामुळे पाण्याला आत रेटणारं कुणी नाही. ते पॅनलच्या माथ्यावरच्या पन्हळीत उतरतं आणि बारीक छिद्रांतून बाहेर जातं. धोका असतो तो दोन पन्हळी जिथे जुळतात तिथे. त्या जोडावर सिलिकॉनची पट्टी चिकटवतात, छिद्रं तात्पुरती बुजवतात, पन्हळ पाण्यानं भरतात आणि पुढचं पॅनल ठेवण्याआधी खालून निरखत राहतात.

एक फट मात्र बुजवावीच लागते. स्लॅबची कड आणि पॅनल यांच्यातली पोकळी मोकळी राहिली तर आग आणि धूर मजल्यावरून मजल्यावर चढेल. तिथे दगडी लोकर दाबून बसवतात आणि वरून धूर अडवणारा लेप देतात. तोही ताणला जाईल, दबला जाईल असाच निवडतात.

शेवटपर्यंत इमारतीच्या एका बाजूला खालपासून वरपर्यंत उघडा पट्टा दिसतो. माणसं आणि सामान नेणारी बाहेरची लिफ्ट तिथे असते. ती उतरवली की या पट्ट्याची पॅनल लागतात, आणि ती सगळ्यात अवघड. एरवी पॅनलला एकच शेजारी असतो. इथे दोन्हीकडे शेजारी आधीच ठाण मांडून बसलेले. मजल्याला वळसा घालत आलेल्या प्रत्येक सांध्यातला अर्धा-पाऊण मिलिमीटर साचत साचत इथे आलेला असतो. म्हणून या जागेचं माप नकाशावरून घेऊन भागत नाही, टेप लावूनच घ्यावं लागतं. सुरुवातीला ब्रॅकेटची रेषा कुणी किती जपली, त्याचा हिशेब या टेपवर निघतो. पॅनल वरून अलगद उतरलं, हुक बसला, दोन्ही बाजूंची फट सारखी दिसली, की मुकादम मान डोलावतो आणि कडेवरचे पट्टे सोडायला सांगतो.