फातोर्ड्याची ती पाच मिनिटे

२० डिसेंबर २०१५ रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना होऊन एफ.सी. गोवा हा आमचा संघ चेन्नईयिनकडून ३–२ असा पराभूत झाला, एवढीच नोंद स्पर्धेच्या दप्तरी आहे; परंतु त्या रात्री प्रेक्षकांत बसलेल्या माझ्यासारख्याला त्या सामन्यातील अखेरची पाच मिनिटे मनाआड करावयास कित्येक वर्षे लागली, आणि म्हणूनच त्या काळाचा मागोवा घेणे मला अगत्याचे वाटते.

ज्या भूमीत भाताची कापणी संपताच मोकळ्या शेतांत पोरे अनवाणी चेंडूमागे धावू लागतात, जिथे साळगावकर, धेंपो आणि चर्चिल ब्रदर्स या संघांची नावे घरोघरी आप्तांच्या नावांसारखी घेतली गेली, आणि जिने ब्रह्मानंद शंखवाळकरांसारखा गोलरक्षक देशाला दिला, त्या भूमीला नव्या स्पर्धेतील नवा संघ आपलासा करावयास अवधी लागला नाही. पहिल्याच वर्षी, २०१४ साली, उपांत्य फेरीत याच मैदानावर पेनल्टींवर कोलकात्याने आम्हांला रोखले. तेव्हा दुःख झाले, पण उमेद खचली नाही. पुढल्या वर्षी ब्राझीलच्या झिको यांच्या मार्गदर्शनाखाली संघ २५ गुणांनिशी साखळीत अग्रस्थानी राहिला, मुंबईवर त्याने सात गोल चढविले, आणि दिल्लीत एका गोलाने हरून आल्यावर उपांत्य फेरीच्या परतीच्या सामन्यात फातोर्ड्याला तीन गोलांनी त्याची सव्याज भरपाई केली. अंतिम सामना आपल्याच अंगणात होणार म्हटल्यावर चषक मडगावातच राहणार, याविषयी आमच्या मनात तिळमात्र शंका उरली नव्हती.

उत्तरार्धात, ५४व्या मिनिटाला, आमच्या गोलरक्षकाने चेन्नईयिनची पेनल्टी अडविली खरी, पण परतलेला चेंडू पेलिसारीने जाळ्यात धाडला. चारच मिनिटांनी हाओकिपने बरोबरी साधली. आणि ८७व्या मिनिटाला जोफ्रेची फ्री किक जाळ्यात शिरली तेव्हा माझ्या शेजारचे वृद्ध गृहस्थ, ज्यांच्याशी तोवर माझे चार शब्दही झाले नव्हते, माझे दोन्ही हात घट्ट धरून लहान मुलासारखे रडू लागले. त्यांच्या हातातली शेंगदाण्यांची पुडी खाली पडली होती आणि तिकडे कोणाचेच लक्ष नव्हते. त्यानंतर ९०व्या मिनिटाला आमच्याच गोलरक्षकाच्या नावावर स्वयंगोल लागला, आणि वाढीव वेळेत चेन्नईयिनच्या मेंडोझाने तिसरा गोल करून सामना संपविला. हजारो कंठांचा गजर एकाएकी थांबला, ढोलांवरचे हात जागच्या जागी राहिले, आणि दूर कोपऱ्यातला चेन्नईकरांचा जल्लोष तेवढा ऐकू येऊ लागला.

मी उठून निघालो. त्या गृहस्थांनी मनगट धरून मला खाली बसविले आणि गुडघ्यांत मान घालून बसलेल्या गोलरक्षकाकडे बोट दाखवून म्हणाले, "तो भुरगो आमचोच, बाबा." मग ते उभे राहून एकटेच टाळ्या वाजवू लागले. त्याच संध्याकाळी त्याच तरुणाने पेनल्टी अडविली होती, याचा मला त्या क्षणी साफ विसर पडला होता. त्यांना पडला नव्हता.

पुढील वर्षांचा जमाखर्च मांडू गेल्यास संघाने आम्हांला उणे काही ठेवले नाही. २०१९च्या मार्चमध्ये मुंबईत बंगळूरूविरुद्ध जादा वेळेत पुन्हा अंतिम सामना गमावला, परंतु महिनाभरातच भुवनेश्वरला त्याच चेन्नईयिनला २–१ असे नमवून सुपर कप जिंकला. २०१९–२० मध्ये साखळीतील अग्रस्थानाची ढाल मिळविली, आणि तिच्या बळावर आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत खेळणारा पहिला भारतीय संघ होण्याचा मान पटकाविला. ते सामने २०२१च्या एप्रिलमध्ये फातोर्ड्यालाच झाले. महामारीमुळे मात्र प्रेक्षकांस मज्जाव होता. कतारच्या अल रय्यानला आमच्या पोरांनी गोलशून्य बरोबरीत रोखले ते मी घरी पडद्यावर पाहिले, आणि रिकाम्या आसनांच्या त्या रांगांकडे पाहताना मला त्या वृद्ध गृहस्थांच्या एकाकी टाळ्या आठवल्या. मैदान आपले असणे म्हणजे काय, हे मला त्या दिवशी उमगले: जय झाला तर त्याला साक्षी असावे आणि पराजय झाला तर त्याच्या भाराला आपलाही खांदा लागावा, एवढ्यासाठीच घरचा प्रेक्षक तिथे असतो.

म्हणून वाचकांपाशी एकच मागणे आहे. तुमचा संघ कोणताही असो, तो तुमच्या डोळ्यांदेखत घरच्या मैदानावर हरला, तर शेवटच्या शिट्टीनंतर पाच मिनिटे जागचे उठू नका. खाली मान घालून बसलेला मुलगा तुमचाच आहे.