विश्लेषण : पाठ, मान, गुडघे दुखताहेत, मालीश करून घ्यावी की ॲक्युपंक्चर?

पाठीत उसण भरली, मान अवघडली किंवा जिना उतरताना गुडघा कुरकुरू लागला, की सल्ल्यांना तोटा नसतो. एक जण ओळखीच्या मालीशवाल्याचा नंबर पाठवतो, तर दुसरा ‘सुया टोचून घे, अजिबात दुखत नाही’ अशी खात्री देतो. दोन्हीकडे बऱ्याचदा दहा सिटिंगचे पॅकेज पुढे केले जाते. पैसे कशावर खर्चावेत, हे दुखणे कुठे आहे आणि किती जुने आहे यावर बरेचसे ठरते.

दोन्ही उपचारांत नेमके काय होते?

मालिशीत आखडलेल्या स्नायूंवर दाब पडून ते सैल होतात. शिवाय टेबलाचा कोपरा लागला की आपण ती जागा आपसूक चोळतो, त्यामागेही कारण आहे. चोळण्याची संवेदना वेदनेचा संदेश मज्जारज्जूतच काही प्रमाणात अडवते, असा सिद्धांत रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडला होता. ॲक्युपंक्चरची सुई साधारण पाव मिलिमीटर जाडीची आणि भरीव असते, तिच्यातून औषध जात नाही. पारंपरिक चिनी मतानुसार ती ‘ची’ या ऊर्जेचा प्रवाह सुरळीत करते. आधुनिक वैद्यक मज्जातंतू उत्तेजित होऊन एंडॉर्फिनसारखी वेदनाशामक द्रव्ये स्रवतात, असे स्पष्टीकरण देते.

समोरासमोर तुलना झाली आहे का?

झाली आहे. अमेरिकेत जुनाट कंबरदुखीच्या २६२ रुग्णांवर झालेला अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला ॲक्युपंक्चर, दुसऱ्याला मालीश आणि तिसऱ्याला फक्त माहितीपर पुस्तक व व्हिडीओ देण्यात आले. उपचारांच्या दोन्ही गटांना दहा आठवड्यांत जास्तीत जास्त दहा सिटिंग मिळाल्या. दहा आठवड्यांनंतर रोजच्या हालचालींतील अडचणींच्या बाबतीत मालिशीचा गट ॲक्युपंक्चरच्या पुढे होता. या गटाला वेदनाशामक गोळ्याही सर्वांत कमी लागल्या. वर्षभरानेही मालीश ॲक्युपंक्चरपेक्षा सरस ठरली. गंमत म्हणजे तोवर पुस्तक आणि व्हिडीओवर भागवणारा गट मालिशीच्या गटाच्या जवळपास पोहोचला होता. पॅकेज विकणारा ही बाब सहसा सांगणार नाही.

म्हणजे ॲक्युपंक्चर निरुपयोगी?

तसेही नाही. जर्मनीत कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवर झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २००७ मध्ये आले. सहा महिन्यांनी खऱ्या ॲक्युपंक्चरने ४७.६ टक्के रुग्णांना ठोस फरक पडला. नेहमीच्या उपचारांत (औषधे, फिजिओथेरपी, व्यायाम) हे प्रमाण २७.४ टक्केच होते. पण आणखी एक गट होता. त्यातील रुग्णांना ठरलेले बिंदू सोडून भलत्याच जागी, वरवर सुया टोचल्या होत्या. त्यांतील ४४.२ टक्के रुग्णांनाही बरे वाटले! जगभरातील २० हजारांहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र करून २०१८ मध्ये झालेल्या विश्लेषणातही खरे ॲक्युपंक्चर लटक्यापेक्षा सरस ठरले, पण फरक लहान होता. थोडक्यात, सुई टोचून घेतल्याने अनेकांना आराम पडतो, मात्र ती नेमकी कुठे टोचली यावर वाटते तेवढे अवलंबून नसावे. त्यामुळे भिंतीवरचा ३६१ बिंदूंचा तक्ता पाहून जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही.

गुडघ्यांच्या झिजेचे काय?

इथे तज्ज्ञांतच एकमत नाही. अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये गुडघ्याच्या झिजेसाठी ॲक्युपंक्चरची सशर्त शिफारस केली आणि मालिशीविरुद्ध सशर्त मत दिले. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०२२ मध्ये झिजेसाठी ॲक्युपंक्चर देऊच नये, असे सांगितले. मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम आणि वजन आटोक्यात ठेवणे, याबाबत मात्र दोघांचेही एकमत आहे. तेलाने झिजलेली कूर्चा भरून येत नाही, सुईनेही नाही.

मग निवड कशी करायची?

नुकतीच उसण भरली असेल, तर बहुतेकांचे दुखणे काही आठवड्यांत आपोआप कमी होते. अमेरिकी डॉक्टरांच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत अशा वेळी शेक, मालीश आणि ॲक्युपंक्चर हे तिन्ही पर्याय आहेत. त्यांतला शेक घरच्या घरी, जवळपास फुकट होतो. दिवसभर स्क्रीनसमोर बसून खांदे-मान आखडत असेल तर आधी मालीश करून पाहणे सोयीचे. तीन महिन्यांहून जुन्या कंबरदुखीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये दोन्ही पर्यायांना सशर्त अनुकूलता दर्शवली, पण व्यायाम आणि माहितीच्या जोडीनेच.

किती सिटिंग घ्यायच्या, याचा एक व्यवहारी दाखला अमेरिकेच्या ‘मेडिकेअर’ योजनेत आहे. जुनाट कंबरदुखीसाठी ९० दिवसांत १२ सिटिंगचा खर्च मिळतो. पुढच्या आठ सिटिंग सुधारणा दिसली तरच. आपणही चार-पाच सिटिंगनंतर स्वतःला विचारावे, रात्री झोप लागते का, खाली बसून उठता येते का? उत्तर नाही असेल तर थांबावे. आगाऊ पैसे भरले की हे थांबणे अवघड जाते.

सुई कोणाकडून टोचून घ्यावी?

चीनमध्ये सेवा बजावताना १९४२ मध्ये निधन झालेले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस सर्वांना ठाऊक आहेत. त्यांच्याच वैद्यकीय पथकातील डॉ. बिजॉय कुमार बसू यांनी नंतर चीनमध्ये जाऊन ॲक्युपंक्चर शिकून घेतले आणि १९५९ मध्ये ते भारतात आणले. महाराष्ट्रात आता यासाठी स्वतंत्र कायदा आणि परिषद असल्याने उपचार करणाऱ्याचा नोंदणी क्रमांक बेलाशक विचारावा. सुईचे पाकीट आपल्यासमोर फोडले जावे. फिजिओथेरपिस्ट करतात ते ‘ड्राय नीडलिंग’ वेगळे. सुई तीच, पण ती ‘ची’साठी नव्हे तर स्नायूतील गाठीत टोचतात. मालिशीच्या बाबतीत मात्र अनुभव आणि ओळखीवरच विसंबावे लागते.

दोन्ही कधी टाळावे?

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू असतील तर आधी डॉक्टरांना विचारावे. एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल तर ती चोळू नये. आत रक्ताची गाठ असल्यास ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. सांधा लाल, गरम होऊन ताप आला असेल, पडल्यानंतर हाड दुखत असेल, तर आधी तपासणी. केस कापून झाल्यावर कटकन मान मोडून घेण्याची सवय असेल तर ती आजच सोडावी. मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. आणि कंबरदुखीबरोबर जांघेत बधिरपणा, पायांत अचानक अशक्तपणा आला किंवा लघवीवरचे नियंत्रण सुटले, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठावे.