कोपऱ्यातला कर्णा आणि दहा वॉटांचा अ‍ॅम्प्लिफायर

लॅमिंग्टन रोडवर अ‍ॅम्प्लिफायरचा बोर्ड घ्यायला गेलेलं गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतं तो वॉटांचा. शंभरचा आहे का, दोनशेचा कितीला पडेल? अंधेरी किंवा मुलुंडमधल्या दहा बाय पंधराच्या हॉलसाठी हा प्रश्न खरं तर सगळ्यात शेवटी यायला हवा. सुतार हाताशी धरून घरीच स्पीकर बनवणाऱ्याने आधी हॉलचे कोपरे बघावेत, मग स्पीकरच्या कागदावरचा डेसिबलचा आकडा बघावा आणि त्या दोन्हींतून जेवढी गरज निघेल तेवढाच अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा. दहा वॉट बहुतेक वेळा पुरून उरतात.

हे पटायला थोडा हिशेब लागतो. स्पीकरला एक वॉट दिला तर एक मीटरवर किती आवाज मिळतो, तो आकडा म्हणजे त्याची संवेदनशीलता. दुकानात मिळणाऱ्या छोट्या सुबक स्पीकरचा हा आकडा ८५ डेसिबलच्या आसपास असतो. म्हणजे दिलेल्या विजेतला साधारण ०.२ टक्के भाग आवाज होतो, बाकीची कॉइल तापवण्यात जाते. आता तीन मीटरवर बसलेल्या माणसाच्या कानाशी गाण्यातले सर्वांत मोठे ठोके ९५ डेसिबलने पोहोचावेत असं धरू. भिंतींची मदत मोजली नाही, तर ८५ च्या स्पीकरला त्यासाठी जवळजवळ ९० वॉट लागतात आणि ९८ च्या स्पीकरला साडेचार. तेरा डेसिबलचा फरक दिसायला किरकोळ वाटतो, पण तो वीसपट विजेचा आहे.

पूर्वी हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण इलाजच नव्हता. १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ बोलू लागला, तेव्हाच्या थिएटरांत अ‍ॅम्प्लिफायर आजच्या मानाने फार थोड्या वॉटांचे असत. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज नेण्याचं काम पडद्यामागचे भलेमोठे कर्णे करत. अमेरिकेत पॉल क्लिप्शने हाच कर्णा घडी घालून घराच्या कोपऱ्यात बसवला. १९४६ पासून विकल्या गेलेल्या त्याच्या क्लिप्शहॉर्नमध्ये खोलीच्या दोन भिंती कर्ण्याचाच पुढचा भाग होतात, आणि कंपनी त्याचा आकडा १०५ डेसिबल सांगते. मग १९५४ मध्ये एडगर व्हिलचरने हवाबंद छोट्या पेटीतून खोल खर्ज काढून दाखवला. त्याची किंमत होती कार्यक्षमता. छोटी पेटी, खोल खर्ज आणि जास्त कार्यक्षमता यांतल्या दोनच गोष्टी एका वेळी मिळतात. स्वस्त ट्रान्झिस्टर वॉट हाताशी आल्यावर बाजाराने पहिल्या दोन निवडल्या. घरी बनवणाऱ्याला मात्र ती निवड मान्य करायची सक्ती नाही.

तरी क्लिप्शहॉर्नची हुबेहूब नक्कल करण्याच्या फंदात पडू नये. सव्वाचार फूट उंच, अडीच फुटांहून रुंद आणि शंभर किलोच्या घरातलं ते धूड घाटकोपरच्या जुन्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये शिरणारही नाही. सोपा मार्ग असा: बारा इंची पीए ड्रायव्हर, म्हणजे मंडपात आणि ऑर्केस्ट्रात वाजतो तो, १८ मिलिमीटरच्या मरीन प्लायच्या तिकोनी बंद पेटीत बसवायचा, आणि वर कर्ण्याचा ट्वीटर. पेटी पन्नास-साठ लिटरची. आपल्याकडच्या पावसाळ्यात एमडीएफ फुगतो, म्हणून तिथे पैसे वाचवू नयेत. असे ड्रायव्हर ९५ ते ९८ डेसिबलचे सहज मिळतात. त्यांच्या जोरकस चुंबकामुळे खर्ज लवकर उतरतो, आणि कोपरा नेमकी ती उणीव भरतो: आवाज सगळीकडे न पसरता दोन भिंती आणि जमीन यांच्यामधून पुढेच ढकलला जातो, आणि खालचे सूर त्यात सर्वांत जास्त वाढतात. डीजेचा स्पीकर घरात कशाला, असं नाक मुरडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की मिरवणुकीत कान फाटतात ते रेटून दिलेल्या शेकडो वॉटांमुळे. तोच ड्रायव्हर अर्ध्या वॉटावर आरामात, न ताणता वाजतो. ट्वीटर मात्र बहुधा खालच्या ड्रायव्हरपेक्षा बराच मोठ्याने वाजतो. रेझिस्टर लावून त्याला खाली आणलं नाही तर तंबोऱ्याच्या तारा पत्र्यावर घासल्यासारख्या ऐकू येतील.

कोपऱ्यावरचा खरा आक्षेप घुमण्याचा आहे, आणि तो खोटा नाही. कोपऱ्यातला स्पीकर खोलीचे सगळे अनुनाद एकदम जागे करतो. दहा फूट रुंदीचा अनुनाद ५६ हर्ट्झवर येतो आणि साडेनऊ फूट उंचीचा ५९ वर. आपल्या हॉलमध्ये हे दोन्ही जवळजवळ एकाच सुरावर जमतात, आणि डग्गा वाजला की तो सूर रेंगाळतो. पडदे-गालिच्यांचा इतक्या खालच्या सुरांवर काहीच परिणाम होत नाही. म्हणूनच वर पेटी बंद ठेवायला सांगितलं. भोक पाडून खर्ज वाढवलेली पेटी कोपऱ्यात ठेवणं म्हणजे गोड शिऱ्यावर पाक ओतणं. शेजाऱ्यांसाठी कोपरा बाहेरच्या भिंतीचा निवडावा, सामायिक भिंतीचा नव्हे, आणि पेटीखाली जाड रबर घालावं. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहापर्यंतची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि खर्ज स्लॅबमधून वरच्या मजल्यावर जातो हे विसरू नये.

दुसरी अडचण जास्त व्यावहारिक आहे. एकाच भिंतीचे दोन्ही कोपरे मोकळे असलेला हॉल बोरिवलीत शोधून दाखवावा. एका कोपऱ्यात दार, दुसऱ्यात शू-रॅक किंवा देव्हारा. अशा घरात दोन अर्धवट स्पीकरांपेक्षा एकच चांगला स्पीकर एका खऱ्या कोपऱ्यात ठेवून मोनो ऐकावं. स्टिरिओवाल्यांना हे पाखंड वाटेल. पण क्लिप्शहॉर्न जन्मला तोच मोनोच्या काळात; स्टिरिओच्या तबकड्या बाजारात आल्या १९५८ च्या सुमारास. बालगंधर्वांच्या तबकड्या मोनो आहेत, १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवर सुरू झालेलं गीतरामायण मोनो आहे. नव्या चित्रपटसंगीतात काही हरवेल, हे मान्य. पण हॉलमध्ये कुणी दोन स्पीकरांच्या बरोबर मधे खुर्ची टाकून बसत नाही, आणि तिथून उठलं की स्टिरिओची बरीचशी जादू तशीही जाते. एक कोपरा वाचला की दुसऱ्या पेटीचे पैसे पहिलीत घालता येतात.

उरला अ‍ॅम्प्लिफायर. टीडीए २०३० चा साधा बोर्ड आठ ओहमच्या स्पीकरला आठ-दहा वॉट देतो आणि इथे तेवढं पुष्कळ झालं. मोनोसाठी दोन्ही चॅनेल एकत्र करताना मधे रेझिस्टर घालावेत, तारा थेट जोडू नयेत. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर अशा स्पीकरला शोभतो खरा, पण त्यात तीन-चारशे व्होल्ट खेळत असतात आणि हौशी माणसाने सुरुवात तिथून करू नये. खरी कसोटी वेगळीच आहे. ८५ च्या स्पीकरवर ऐकू न येणारी अ‍ॅम्प्लिफायरची खरखर ९८ च्या स्पीकरवर तेरा डेसिबलने वर येते. म्हणून बोर्ड घेताना वॉटांऐवजी गेन किती आणि गोंगाट किती हे विचारावं, स्वस्त अ‍ॅडॉप्टरऐवजी चांगला ट्रान्सफॉर्मर लावावा आणि घरातलं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावं. मग रात्री पंखा बंद करून, गाणं न लावता, ट्वीटरपासून हातभर अंतरावर कान न्यावा. तिथे सूं किंवा हुं ऐकू आलं, तर बोर्ड दुकानात परत न्यावा.