मासे साफ करून घ्यावेत

पाकशास्त्राचे कोणतेही पुस्तक उघडा. माशांच्या पदार्थाची कृती बहुधा एकाच वाक्याने सुरू होते: 'मासे साफ करून, धुऊन घ्यावेत.' पुढे हळद किती, तिखट किती, खोबरे किती, सारे चमच्यांनी आणि वाट्यांनी मोजून दिलेले असते. साफ कसे करावे, काय काढावे, काढलेले कुठे टाकावे, याबद्दल पुस्तक फारसे बोलत नाही. त्या चार शब्दांत किती गोष्टी दडलेल्या असतात, हे मला बपेऱ्याच्या एका रुग्णाने शिकवले. त्यांच्या परवानगीने, ओळख पटणार नाही अशा बेताने, ती हकीकत आज सांगतो.

तुमसर तालुक्यातले बपेरा हे राज्याच्या सीमेवरचे गाव. पलीकडे मध्यप्रदेश. नद्या, बोड्या आणि तलावांचा हा मुलूख. मासा इथे चैनीची वस्तू नाही, घरचेच अन्न आहे. माझे रुग्ण साठीच्या पुढचे शेतकरी. आठ-दहा वर्षांचा मधुमेह, गोळ्या कधी चालू कधी बंद. "मटणापेक्षा मासे खात जा, तेही तळलेले नको," असे मीच त्यांना सांगितले होते.

घरात नवी सून आलेली, शहरात वाढलेली. मासे कधी रांधलेले नव्हते, पण हौस मोठी. माहेरून पाककृतींचे पुस्तक घेऊन आलेली. पुस्तकात पापलेटचे कालवण होते; बाजारातून आला तो दोन-अडीच किलोचा आख्खा रोहू. मुलीने धीर सोडला नाही. सासूच्या मदतीने मासा चिरला, पुस्तकाप्रमाणे वाटण केले, कालवण उत्तम झाले. सगळे पोटभर जेवले.

मध्यरात्रीनंतर म्हाताऱ्यांना उलट्या सुरू झाल्या. पोटात कळा, पाठोपाठ जुलाब. सकाळी त्यांना माझ्याकडे आणले तेव्हा सूनबाई रडवेली झाली होती. "मामाजींना माझ्याच हातचं खाऊन झालं," असे ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. मीही तेच गृहीत धरले. मासा शिळा असेल, पोट बिघडले असेल. सलाइन लावले, औषधे दिली, दुपारी घरी पाठवले.

इथे माझी चूक झाली. ती लपवण्यात अर्थ नाही. एकाच भांड्यातले कालवण घरातल्या सहा जणांनी खाल्ले होते आणि आजारी एकच जण पडला होता. मासा खराब असता तर निदान आणखी एक-दोघांना तरी त्रास व्हायला हवा होता. 'तुम्ही इतरांपेक्षा वेगळे काय खाल्ले?' हा साधा प्रश्न मी विचारला नाही.

तिसऱ्या दिवशी ते परत आले. उलट्या थांबल्या होत्या, पण पाय आणि चेहरा सुजला होता. लघवी आदल्या दिवसापासून जेमतेम कपभर. रक्त तपासले तर क्रिएटिनिन सहाच्या पुढे. तेव्हा मी तो प्रश्न विचारला. थोडा वेळ ते गप्प बसले. मग हळूच म्हणाले, "माशाचा पित्त गिळलो जी, कच्चाच. साखर कमी होते म्हणे."

मासा चिरताना पित्ताची पिशवी निघाली, ती त्यांनी सुनेकडून मागून घेतली होती आणि पाण्याबरोबर गिळली होती. शेजारच्या कुणीतरी हा उपाय सांगितला होता. सुनेला ते काय आहे हेच माहीत नव्हते. पुस्तकात त्याचा उल्लेख नव्हता.

हिरवी पिशवी आणि मूत्रपिंड

माशाच्या पोटात यकृताला लागून एक लहानशी हिरवट पिशवी असते. हे त्याचे पित्ताशय. चिरताना ती फुटली की कालवण कडू होते, हे आपल्याकडच्या जाणत्या बायकांना चांगले ठाऊक असते. पण कडूपणा हा त्यातला लहान दोष. रोहू, कतला, मृगळ, गवत्या (ग्रास कार्प) हे सारे मासे एकाच कुळातले. या कुळातल्या माशांच्या पित्तात सायप्रिनॉल गटातले विषारी द्रव्य असते. ते पोटात गेले की काही तासांत उलट्या, पोटदुखी, जुलाब सुरू होतात. यकृताला सूज येऊन कावीळ होऊ शकते. आणि दोन-तीन दिवसांत, पोट सुधारले असे वाटत असतानाच, मूत्रपिंडे काम करेनाशी होतात.

मासा जितका मोठा तितकी पिशवी मोठी आणि धोकाही मोठा. या विषावर उतारा नाही. शिजवल्याने ते जाईल असा भरवसा धरता येत नाही, दारूबरोबर घेतल्यानेही नाही. भारतात, विशेषतः पूर्वेकडच्या राज्यांत, तसेच चीन, जपान, व्हिएतनाम अशा देशांतही असे रुग्ण डॉक्टरांनी नोंदवले आहेत. कुणी मधुमेहासाठी, कुणी दम्यासाठी, कुणी सांधेदुखीसाठी, तर कुणी डोळ्यांचे तेज वाढावे म्हणून पित्त घेतलेले असते. यांपैकी एकाही आजारावर त्याचा उपयोग सिद्ध झालेला नाही.

'कडू ते साखरेवर गुणकारी' ही समजूत या सगळ्याच्या मुळाशी आहे. कारले कडू, कडुलिंब कडू, म्हणून पित्तही औषध! पण रक्तातली साखर जिभेच्या चवीवर चालत नाही.

आमच्या रुग्णाला नागपूरला पाठवले. तीन वेळा डायलिसिस करावे लागले. सुमारे तीन आठवड्यांनी मूत्रपिंडे पूर्ववत काम करू लागली. वेळेवर डायलिसिस मिळाले तर बहुतेक रुग्ण असे बरे होतात, ही त्यातली दिलासा देणारी गोष्ट. घरी अंगारे-धुपारे करत बसले असते तर काय झाले असते, ते सांगायला नको.

किनाऱ्यावरचे पुस्तक, तलावाचा मासा

यात पुस्तकांना दोष देण्याचा हेतू नाही. लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया' १९१० साली निघाले, तेव्हापासून मराठीत पाककृतींच्या पुस्तकांची मोठी परंपरा आहे. पण मराठी पुस्तकांतले मासे बहुतेक मुंबई-कोकण-गोव्याकडचे: पापलेट, सुरमई, बांगडा. तिथल्या गृहिणीला कोळीण मासा कापून, साफ करून देते. शिवाय तो समुद्राचा मासा. आपल्या ताटात येतो तो गोड्या पाण्यातला. तेव्हा पुस्तक वापरताना काही गोष्टी आपण आपल्या मनाने जोडून घ्यायला हव्यात.

पहिली गोष्ट निवडीची. ताज्या माशाचे डोळे चकचकीत आणि भरलेले असतात, कल्ले लालभडक असतात, अंग बोटाने दाबले तर खळगा राहत नाही. कल्ले तपकिरी किंवा पांढुरके, डोळे खोल गेलेले, पोट फुगून मऊ पडलेले असेल तर तो मासा फुकट मिळाला तरी घेऊ नये. बांगड्यासारखे समुद्राचे काही मासे बर्फाविना राहिले तर त्यांत हिस्टामिन तयार होते. ते शिजवूनही जात नाही. खाल्ल्यावर अर्ध्या-एका तासात चेहरा लाल होतो, डोके ठणकते, अंगावर पित्त उठते. समुद्राचा मासा आपल्याकडे लांबून येतो, म्हणून बर्फात ठेवलेला असेल तरच घ्यावा. २०१८ साली गोव्यात आणि केरळात माशांना फॉर्मेलिन लावण्यावरून मोठी खळबळ उडाली होती, हेही आठवत असेल. आपल्या ढिवर बांधवाने सकाळी जाळ्यातून काढलेला मासा डोळ्यांसमोर तोलून मिळत असेल तर ते भाग्यच समजावे.

दुसरी गोष्ट साफसफाईची. खवले काढावेत, कल्ले काढून टाकावेत. पोट वरच्यावर चिरावे, सुरी खोल घालू नये, आणि आतडी पित्ताच्या पिशवीसह अख्खी बाहेर काढावीत. ती लगेच पुरून टाकावीत. पिशवी फुटलीच तर तेवढा भाग कापून फेकावा आणि मासा भरपूर पाण्याने धुवावा. मासा कापलेल्या पाटावर आणि सुरीने कोशिंबिरीचा कांदा-टोमॅटो चिरू नये. आधी दोन्ही साबणाने धुवावीत.

शिंगी मासा साफ करताना विशेष जपावे. त्याच्या कल्ल्यांमागच्या काट्यांत विष असते आणि काटा लागला तर असह्य आग होते. अशा वेळी हात सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवावा. त्या विषाचा जोर उष्णतेने कमी होतो. जखम धुऊन धनुर्वाताची सुई घ्यावी.

तिसरी गोष्ट काट्यांची. पापलेटला एक मधला कणा, तो काढला की काम झाले. रोहू-मृगळाच्या मांसात बारीक दुटोकी काटे विखुरलेले असतात. लहान मुलांना आणि दात नसलेल्या वडीलधाऱ्यांना मासा हाताने कुस्करून, काटे काढूनच द्यावा. जेवताना दिवा चांगला असावा, गप्पा कमी असाव्यात. घशात काटा अडकला तर भाताचा गोळा किंवा केळे गिळण्याचा आपल्याकडे रिवाज आहे. तसे करू नये. काटा आणखी खोल रुततो. टोचणी थांबली नाही, थुंकीत रक्त आले किंवा गिळता येईना, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

चवीनुसार मीठ

आता पथ्याबद्दल. मासा उत्तम अन्न आहे. रोहूच्या शंभर ग्रॅम मांसात सुमारे सोळा-सतरा ग्रॅम प्रथिने असतात आणि चरबी अगदी थोडी. लहान मासे काट्यांसकट खाल्ले तर कॅल्शियमही मिळते. पण पुस्तकातली कृती निरोगी माणसाच्या जिभेसाठी लिहिलेली असते. नीट पाहा, मीठ तीन ठिकाणी पडते: मासा चोळताना, वाटणात आणि शेवटी 'चवीनुसार'. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे माणशी दिवसाचे मीठ पाच ग्रॅमपेक्षा, म्हणजे साधारण एका लहान चमच्यापेक्षा, कमी असावे. रक्तदाबाच्या रुग्णाने चोळायचे मीठ वगळावे, हळद आणि लिंबू पुरेसे आहे. सुकी मासळी तर त्याने क्वचितच खावी.

खोबरे जपून वापरावे. आंबटपणासाठी कोकम मिळाले नाही तर चिंच, कच्ची कैरी, आपली अंबाडी यांतले काहीही चालते. तळण्याऐवजी तव्यावर चमचाभर तेलात भाजलेला तुकडा तितकाच चवदार लागतो.

मधुमेही मंडळींना एक सांगतो. माशाने साखर वाढत नाही, भाताने वाढते. आपण धानाच्या मुलखातले लोक. कालवण झणझणीत झाले की भाताचा ढीग कधी संपला ते कळत नाही आणि दोष मात्र माशाला जातो. आधी भात मोजून वाढून घ्यावा, मग कालवण घ्यावे. ज्यांचे मूत्रपिंड आधीच अशक्त आहे किंवा युरिक अ‍ॅसिड वाढलेले आहे, त्यांनी प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे.

'माशावर दूध प्यायल्याने कोड उठते का?' असा प्रश्न मला नेहमी विचारतात. नाही. कोडाचा आणि त्याचा काही संबंध नाही. बंगाली घरांत तर दह्यात मासा शिजवतात.

हे कापून ठेवावे

१. माशाचे पित्त कच्चे, शिजवून, कशातही मिसळून, कोणत्याही आजारावर घेऊ नये.

२. कुणी घेतलेच असेल तर त्रास होण्याची वाट न पाहता दवाखान्यात जावे आणि पित्त घेतल्याचे स्पष्ट सांगावे. उरलेला मासा किंवा त्याचे नाव माहीत असल्यास तेही सांगावे.

३. उलट्या थांबल्या म्हणजे संकट टळले असे समजू नये. पुढचे काही दिवस लघवी किती होते यावर लक्ष ठेवावे, मूत्रपिंडाची तपासणी करून घ्यावी.

४. अशा पोटदुखीवर दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून घेऊ नयेत. त्या मूत्रपिंडाला आणखी इजा करतात.

५. मधुमेहाची गोळी ऐकीव उपायासाठी बंद करू नये.

आमचे रुग्ण आता नियमित गोळ्या घेतात, दर तीन महिन्यांनी रक्त तपासतात. मध्यंतरी सूनबाई त्यांना घेऊन आली होती. मासे खाणे तिने बंद केलेले नाही, हे ऐकून मला बरे वाटले. पुस्तकात त्या पहिल्या ओळीच्या शेजारी तिने पेनने लिहून ठेवले आहे: 'हिरवी पिशवी न फोडता काढणे. मामाजींना न देणे.' तिच्या पुस्तकातली ही दुरुस्ती आपणही आपल्या पुस्तकात करून घ्यावी. आणि आमच्या डॉक्टर मंडळींनी माशानंतरच्या उलट्यांचा रुग्ण आला, की 'पित्त घेतले का?' हे विचारल्याशिवाय त्याला घरी पाठवू नये.