विषाविना परसबागेचे रक्षण

पावसाळा लागला की परसबागेतील पालकाची, कोबीची कोवळी रोपे एका रात्रीत नाहीशी होतात. सकाळी वाफ्यात उरतात ते कुरतडलेले देठ आणि मातीवर चकाकणारे चिकट पट्टे. हे काम पुष्कळदा आफ्रिकन शंखी गोगलगायीचे असते. २०२२ च्या पावसाळ्यात लातूर, बीड आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत तिने उगवते सोयाबीन कसे फस्त केले, हे आपल्यापैकी अनेक शेतकरी पालकांना ठाऊक आहे.

ही गोगलगाय मूळची पूर्व आफ्रिकेची. मॉरिशसहून विल्यम बेन्सन या शंखसंग्राहकाने आणलेल्या गोगलगायी १८४७ मध्ये कलकत्त्यातील एका बागेत पोहोचल्या आणि तेथून त्यांचा प्रसार झाला. हा जीव उभयलिंगी असून एका वेळी शंभराहून अधिक अंडी मातीत घालू शकतो. त्यामुळे आरंभीचा आळस पुढे फार महाग पडतो.

अशा वेळी विषारी गोळ्यांचा मोह होतो. परंतु मेटाल्डिहाइडच्या गोळ्यांतील आमिष गोगलगायीप्रमाणेच कुत्र्यांनाही ओढून घेते व त्यांचा जीव घेऊ शकते. जेथे लहान मुले वावरतात आणि वाफ्यातील भाजी थेट त्यांच्या ताटात येते, तेथे असे विष नकोच.

विषाला पर्याय आहे तो नियमित श्रमांचा. गोगलगायीला ओल आणि अंधार हवा असतो. म्हणून बागेतील पालापाचोळा, विटांचे ढीग व तण काढून टाकावे. पाणी सायंकाळऐवजी सकाळी द्यावे. सायंकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे वाफ्यांलगत अंथरावीत. रात्रभर त्यांखाली जमलेल्या गोगलगायी पहाटे वेचून मिठाच्या किंवा साबणाच्या दाट द्रावणात टाकाव्यात व नंतर खोल खड्ड्यात पुराव्यात. मीठ वाफ्यावर मात्र टाकू नये. त्याने जमीन बिघडते. वाफ्याभोवती कोरड्या चुन्याचा किंवा राखेचा पट्टा ओढावा आणि पावसाने भिजला की पुन्हा ओढावा. माती हलवताना सापडलेली पांढरट-पिवळसर अंडी नष्ट करावीत. पहिल्या पावसानंतर, अंडी घालण्यापूर्वी, हे काम झाले तर निम्मी लढाई जिंकली.

एक दक्षता अनिवार्य आहे. गोगलगायीच्या शरीरात माणसाच्या मेंदूला अपाय करणारे कृमी असू शकतात. म्हणून वेचण्याचे काम मोठ्यांच्या देखरेखीखाली, हातमोजे किंवा चिमटा वापरूनच व्हावे. हात साबणाने धुवावेत आणि पालेभाजी स्वच्छ धुऊन शिजवावी.

‘नैसर्गिक’ या शब्दानेही फसू नये. या गोगलगायीचा बंदोबस्त करण्यासाठी १९५५ मध्ये हवाई बेटांवर दुसरी एक मांसभक्षक गोगलगाय आणून सोडण्यात आली. तिने तेथील स्थानिक वृक्षगोगलगायींचाच मोठा संहार केला. त्यापेक्षा येथलेच भारद्वाज, बेडूक आणि गोगलगायींवर जगणाऱ्या काजव्यांच्या अळ्या जगू द्याव्यात. विषाच्या फवाऱ्यांनी हे सोबती आधी नष्ट होतात.

मुले विचारतात, “सर, मग या जीवांना मारायचे तरी का?” प्रश्न योग्य आहे. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे. त्या भेदाचा अर्थ परसबागेत असा : आधी स्वच्छता, मग अडथळा, आणि पीक वाचवण्यापुरतेच वेचणे. दिसेल त्या प्रत्येक शंखावर हात उगारण्याचे कारण नाही. आपल्या मातीतील लहान स्थानिक गोगलगायी बहुधा कुजका पालाच खातात.

एका घरची बाग स्वच्छ आणि शेजारचा बांध तणाने भरलेला, असे असेल तर श्रम वाया जातात. म्हणून हे काम वस्तीने, गावाने आणि शाळेने मिळून, एकाच आठवड्यात हाती घ्यावे.