गिअरबॉक्स उतरवण्याआधी मीटर लावा

२०१४ ला सेलेरिओ आली आणि ऑटो गिअर आपल्या करकंबपर्यंत पोचला. गाडी न्यूट्रलला अडकली की गिऱ्हाइकाला लगेच 'गिअरबॉक्स गेला' सांगू नका. आधी बॅटरी बघा. गाडी बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत. सेल मारताना १० च्या खाली जात असेल तर पहिलं तेच नीट करा. मग ब्रेकचा स्विच: मागचा ब्रेक लाइट लागत नसेल तर गिअर बहुतेक पडणारच नाही. त्यानंतर अर्थिंग. इंजिन चालू ठेवून बॅटरीच्या मायनसपासून गिअरबॉक्सच्या बॉडीपर्यंत मीटर लावा. अर्धा व्होल्ट दाखवला म्हणजे वायर नाहीतर नट खराब. स्कॅनरवर पी०७०० आला म्हणून खूश होऊ नका, तो फक्त 'आत अजून एक कोड आहे' एवढंच सांगतो. आणि हो, उसाचा भाग आहे, उंदरांनी वायर कुरतडलीय का तेही बघा. तपासणीचे पैसे बिलावर वेगळे लिहा.